तिसरा पुकारा

"ठकुबाई राघो मढवी हाज्जिर होऽऽ"

तुळजा सात वर्षांची असताना हा आवाज तिच्या कानांत शिरला आणि पुन्हा बाहेर पडायचं विसरला. भिवंडीच्या कोर्टाच्या आवारात चिंचेखाली माणसं बसली होती. छातीवर पितळी बिल्ला लावलेला पट्टेवाला पायरीवर उभा राहून नाव पुकारत होता. पहिल्या पुकाऱ्याला चिंचेवरचे कावळे उठले. दुसऱ्याला टांग्याच्या घोड्याने चघळणं थांबवलं. तिसऱ्याला समोरच्या चहाच्या दुकानातला एक इसम, ज्याचा त्या दाव्याशी काडीचा संबंध नव्हता, निव्वळ सवयीने "हजर" म्हणून उभा राहिला. हलली नाही ती फक्त जिचं नाव होतं ती. ठकुबाई पायरीपासून दहा हातांवर, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन, डोळ्यांपर्यंत पदर ओढून बसली होती. तिच्या नि पायरीच्या मधोमध तिचा थोरला दीर नवशा हाताची घडी घालून उभा होता. तो प्रतिवादी होता.

आत न्यायाधीशांनी लिहिलं: वादी गैरहजर, दावा काढून टाकला. राघोच्या माघारी त्याच्या बायकोकडे यायची तळ्याकाठची जमिनीची पट्टी अशा रीतीने नवशाकडेच राहिली, आणि कायद्याच्या दृष्टीने यात कुणाचीच चूक नव्हती. आपल्या आईचं नाव ठकुबाई आहे हे तुळजाला त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं. तोवर ती राघोची होती, तुळजाची होती, नाहीतर नुसती 'अगो ए' होती.

परतीच्या बैलगाडीत नवशाकाकाने आपला निकाल दिला. "ठकू बहिरी झाली. तिन्ही पुकारं डोक्यावरनं गेलं, हिला पत्ताच न्हाय." मानकोली गावाने हा निकाल अपिलाशिवाय कायम केला. तेव्हापासून सगळं गाव ठकुबाईशी ओरडून बोलू लागलं, आणि तिच्याविषयीचं जे पूर्वी तिच्या पाठीमागे बोलायचं ते तिच्या तोंडासमोर, बसल्या जागी, आरामात बोलू लागलं. ठकुबाई मान डोलवायची. पहाटे जात्यावर बसली की मात्र गायची. बहिऱ्या बाईचा सूर इतका नेमका कसा लागतो, याचं नवल करायला गावात कुणाला सवड नव्हती.

पैली माझी ओवी गं, दारी कोन मारी हाक
'ओ' म्हनू कशी बाई, डोईवं पदराचा धाक

मांजराने दुधाच्या टोपावरचं झाकण सरकवलं, तर चुलीकडे तोंड करून बसलेली ठकुबाई मागे न बघता लाटणं भिरकावायची, आणि ते लागायचं. तुळजा कौतुकाने म्हणायची, आईला अंदाज फार.

आणि तुळजाने मनाशी पक्कं केलं, आपण वकील व्हायचं. पुढच्या खेपेला नाव पुकारलं गेलं की 'ओ' द्यायला कुणीतरी उभं पाहिजे.

सतरा वर्षांनी ती खरोखरच कायद्याच्या शेवटच्या वर्षाला येऊन पोचली. नवन्याय विधि महाविद्यालय निजामपुऱ्यात एका यंत्रमागाच्या कारखान्याच्या माडीवर संध्याकाळचं भरत असे. खाली लूम, डावीकडे लूम, उजवीकडे लूम. प्राध्यापक घसा ताणून शिकवत आणि विद्यार्थी त्यांचे ओठ बघून लिहून घेत. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. त्या दिवशी निजामपुऱ्यात कबुतराचं घुमणंसुद्धा ऐकू येतं. कॉलेजने आपली सुट्टीही विचारपूर्वक शुक्रवारचीच ठेवली होती. सुरुवातीला एकदा शुक्रवारी वर्ग भरवून पाहिले होते. शिकवलेलं ऐकू आलं, ऐकू आल्यामुळे मुलांनी शंका विचारल्या, आणि दोन प्राध्यापकांनी राजीनामे दिले.

कॉलेजात एकशे बारा विद्यार्थी होते. त्यांपैकी एकशे अकरा मुलगे आणि एक तुळजा.

अशात एकोणीसशे पंच्याहत्तर साल उजाडलं. ते महिला वर्ष आहे असं साऱ्या जगाने ठरवलं असल्याने जानेवारीत वरून परिपत्रक आलं. विधि शाखेच्या विद्यार्थिनींसाठी आगामी कार्यक्रम आखावेत, उपलब्ध संधी त्यांच्या नजरेस आणाव्यात आणि अहवाल पाठवावा. प्राचार्य टिपणीसांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि हेडक्लार्क हरीभाऊंना बोलावलं. हरीभाऊ तीस वर्षं रजिस्टर लिहीत आले होते. त्यांची एकच श्रद्धा होती: शाईने लिहिलेलं खोडायचं नसतं.

"हरीभाऊ, आपल्याकडे विद्यार्थिनी किती?"

"एक, साहेब."

"एकीसाठी समिती बसवता येईल?"

"समितीला माणसं लागतात, साहेब. कारण लागत नाही."

समिती बसली. अकरा सभासदांची. अकराही पुरुष, कारण जिचा फायदा व्हायचा तीच आत बसली तर पक्षपात होईल, हे पहिल्याच बैठकीत एकमताने ठरलं. पालकांचाही एक प्रतिनिधी हवा होता. विद्यार्थिनी एकच, म्हणजे पालकही तिचाच. तिची आई बहिरी असल्याची तोंडी माहिती मिळाल्यामुळे काका घेण्यात आले. नवशा मढवी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून दर बुधवारी समितीच्या बैठकीला येऊ लागला. येताना तो तळ्याकाठच्या पट्टीतली वांगी आणायचा, त्यामुळे सभासदांत त्याच्याविषयी आदर होता.

समितीचं पहिलं कार्य म्हणजे सूचना फलक. सागवानी चौकट, पुढे काच, काचेला कुलूप. मुलींसाठीच्या सूचना मुलांनी वाचणं बरं दिसणार नाही, म्हणून फलक लेडीज रूममध्ये लावला. लेडीज रूम जिन्याखाली होती आणि तिथे गणेशोत्सवाचं मखर राहत असे. पाचांपेक्षा कमी मुली असतील तर ती खोली बंद ठेवावी, असा ठराव पूर्वीचाच होता. उघडायची झाली तर विद्यार्थिनी प्रतिनिधीचा अर्ज लागे. प्रतिनिधीची निवडणूक व्हायची होती. तिची तारीख फलकावर लावलेली होती.

तुळजाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हरीभाऊ, फलकावर काय लिहिलंय ते तुम्हीच सांगा की मला."

"तोंडी?" हरीभाऊ दचकले. "मग फलक कशाला आहे?"

तिला वाचवलं ते शिपाई चांगदेवने. हा तोच, कोर्टातला पितळी बिल्लेवाला. कोर्टातून निवृत्त होऊन आता कॉलेजात झाडू मारत होता. फलकाची काच पुसायला त्याला आत जावं लागे. काच पुसता पुसता तो सूचना पाठ करी, आणि तुळजा गल्लीत शिरली की जिन्यावर उभा राहून जुन्या सवयीने पुकारी, "लेडीज स्टुडंटांच्याऽऽ आगामी कार्यक्रमांऽऽची यादी!" लूमच्या खटखटाटावर मात करणारा आवाज अख्ख्या भिवंडीत तेवढा एकच होता. खालचा विणकर बाहेर डोकावून म्हणायचा, "क्या वकीलसाहिबा, आज क्या निकला?" अशा प्रकारे जी गोष्ट एकशे अकरा मुलांपासून लपवायची होती ती निजामपुऱ्यातल्या सात गल्ल्यांना रोज कळू लागली.

एकदा जिन्याच्या पायरीवर चांगदेव तिला म्हणाला, "पोरी, तुझ्या आईचं नाव मीच पुकारलेलं. मढवी विरुद्ध मढवी. मला अजून डोळ्यांसमोर दिसते ती. तिसऱ्या पुकाऱ्याला त्या बाईनं..." इथे तो थांबला आणि चंचीतून तंबाखू काढून मळत बसला.

"काय केलं आईनं?"

"काही न्हाय. पट्टेवाल्यानं पुकारावं. बघितलेलं सांगू नये."

कार्यक्रम मात्र एकामागून एक पार पडू लागले. पहिला कार्यक्रम, कायदेविषयक हळदीकुंकू. सभासदांच्या सौभाग्यवती आल्या. वाण म्हणून प्रत्येकीला एकेक कोरा स्टॅम्पपेपर देण्यात आला. कागद जाड असल्यामुळे त्यावर सांडगे फार छान वाळले, असं पुढे समितीला कळवण्यात आलं. व्याख्यानाचा विषय होता 'विधवेचा संपत्तीवरील हक्क'. प्राचार्यांनी दीड तास विषय मांडला. हळदीकुंकू असल्यामुळे विधवांना बोलावलेलं नव्हतं. तुळजाकडे अत्तरदाणीचं काम होतं. तिने वीस मनगटांना अत्तर लावलं आणि एकविसाव्या खेपेला ते आपल्या नोंदवहीला लावून व्याख्यान उतरवून घेतलं. पुढे तिला ते उपयोगी पडणार होतं.

दुसरा कार्यक्रम, रांगोळी. विषय, मूलभूत हक्क. स्पर्धक एकच, तुळजा. तिचा दुसरा क्रमांक आला. पहिल्या क्रमांकाच्या तोडीचं काम आढळलं नाही, असा परीक्षकांचा शेरा होता.

तिसरा कार्यक्रम अभिरूप न्यायालय, म्हणजे खोटं कोर्ट, ज्यात खरे विद्यार्थी वकील होऊन बाजू मांडतात. या दिवसाची तुळजा तीन वर्षं वाट बघत होती. सूचना चांगदेवने पुकारली तेव्हा ती जिन्याच्या दोन दोन पायऱ्या एकदम चढली.

"मिस मढवी, जरा बसा," प्राचार्य म्हणाले. "हे खटल्याचं काम. समोरचा वकील काहीही बोलेल. भर सभेत एखाद्या मुलीला कुणी आवाज चढवून बोललं, तर महिला वर्षात ते कसं दिसेल?"

"सर, पण हा कार्यक्रम विद्यार्थिनींसाठीच आहे ना?"

"म्हणूनच. विद्यार्थिनींची भूमिका मुलगे करतील. तुम्ही साड्या आणा."

तिच्या वर्गातल्या कर्णिकांच्या सुधीरला वकीलबाई करण्यात आलं. सुधीर स्वभावाने गरीब, सहा फूट उंच, आणि सकाळी केलेली दाढी संध्याकाळी परत येणारा. तुळजाने आईचं हिरवं लुगडं आणून त्याला नेसवलं. ते त्याच्या गुडघ्यापर्यंतच पोचलं.

"मिस मढवी, हे सुटतंय."

"लुगडं मी धरलंय. तुम्ही मुद्दा सोडू नका."

"मुद्दा कुठला?"

तिने त्याला मुद्दा सांगितला. मग दुसरा सांगितला. मग सगळं भाषणच लिहून दिलं, आणि ते खोटं कोर्ट चालू असताना त्याच्या मागे बसून, निऱ्या मुठीत धरून, एकेक वाक्य सांगत राहिली. सुधीरने अशी काही बाजू मांडली की विरुद्ध पक्षाच्या वकिलाने भर कोर्टात टाळी वाजवली. सुधीरला 'सर्वोत्कृष्ट विद्यार्थिनी वक्ता' हा चषक मिळाला. लुगड्यातच त्याचा फोटो काढून अहवालाला जोडला. निऱ्यांमागून एक हात दिसत होता, तो फोटोवाल्याने शाई लावून झाकला.

तुळजा त्या दिवशी मानकोलीच्या वाटेने हसत गेली. एवढं हसली की डोळ्यांतून पाणी आलं. कुठलं पाणी कशाचं, हे तिने तपासलं नाही.

खरी गोष्ट यानंतर घडली. मुंबईच्या एका नामांकित बॅरिस्टरीणबाईंचं कॉलेजला पत्र आलं. महिला वर्षानिमित्त त्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीला दोन वर्षं आपल्या चेंबरमध्ये काम शिकवायला घेणार होत्या. राहण्याची सोय त्याच करणार होत्या. नाव अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत कळवायचं होतं.

चांगदेवने ही सूचना पुकारली नाही. जिना उतरून आला आणि तुळजाच्या कानात सांगितली. लूम चालू असूनही तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

भिवंडीत तिने सहा वकिलांना विचारून पाहिलं होतं. पहिला म्हणाला, टेबल लहान आहे. दुसरा म्हणाला, टेबल मोठं आहे पण मंडळी काय म्हणतील. उरलेले चौघे पहिल्या दोघांना विचारून सांगतो म्हणाले. चेंबर नाही तर सनद नुसती भिंतीवर टांगायची. हे पत्र होतं म्हणून तिला कोर्टाची पायरी होती.

समितीसमोर प्रश्न गंभीर होता. पत्रात विद्यार्थिनी मागितली होती आणि कॉलेजकडे रीतसर पुरस्कारप्राप्त विद्यार्थिनी एकच होती, ती म्हणजे सुधीर कर्णिक. तुळजाच्या नावावर रांगोळीतला दुसरा क्रमांक तेवढा होता. तीन बैठका झाल्या. वांगी संपली. शेवटी प्राचार्यांनी तोडगा काढला. मूळच्या विद्यार्थिनीस प्रथम संधी द्यावी, मात्र ती परगावी जाणार असल्याने तिच्या पालकांची संमती जाहीर समारंभात, कोर्टाच्या पद्धतीने तीन वेळा पुकारून घ्यावी. पालकांनी तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत उत्तर न दिल्यास पालक गैरहजर समजून संधी सुधीर कर्णिक यास द्यावी.

"पालक म्हणून मीच हाय की," नवशा म्हणाला.

हरीभाऊंनी प्रवेशाचा अर्ज काढला. तुळजाने तीन वर्षांपूर्वी आपल्या हाताने लिहिलं होतं, पालक: ठकुबाई राघो मढवी. शाईने.

नवशाच्या मिशा हळूच हलल्या. "मंग तिलाच पुकारा. नियमानं पुकारा. मात्र कोनी खूण करायची न्हाय, हात लावायचा न्हाय. पोर लांब बसंल."

"हे तर लिहायलाच हवं," प्राचार्य म्हणाले, आणि हरीभाऊंनी लिहून घेतलं.

समारंभ गुरुवारी, सत्तावीस तारखेला ठरला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, कॉलेज बंद.

बुधवारी संध्याकाळी ठकुबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. तुळजा तिच्या कानाशी ओरडली, "आई, उद्या कॉलेजात यायचंय. तुझं नाव घेतील. तीन वेळा. तू नुसतं 'ओ' म्हण."

ठकुबाईने वालाची एक डाळिंबी उडवली. "कोनाचं नाव?"

"तुझं. ठकुबाई."

"बरं," म्हणून ठकुबाई पुन्हा वाल सोलू लागली. आईला नेमकं काय पोचलं हे तुळजाला कळेना. तेवढ्यात नवशा आला आणि ठकुबाईच्या समोरच खांबाला टेकून बसला.

"पोरी, कशाला बोंबलतेस? तिला काय ऐकाया येनार. सतरा वर्सं झाली. मी तुला सांगतो, घरात ऱ्हा, चांगलं स्थळ बघतो." मग सोबत आलेल्या शेजाऱ्याकडे वळून, ठकुबाईच्या डोक्यावरून, नेहमीच्या आवाजात तो म्हणाला, "ही वकील झाली का पैली फाइल तळ्याकाठची काढनार. मला काय कलत न्हाय व्हय? म्हनून तर म्हातारीचं नाव पुकारा म्हटलं मी. तवा जमलं तसं उद्या बी जमतंय."

ठकुबाईच्या हातातला वाल निसटून ओटीवरून घरंगळत अंगणात गेला. तिने तो उठून आणला, फुंकला, टोपात टाकला.

गुरुवारी माडी भरली. अकरा सभासद पुढे, त्यांच्या मागे सौभाग्यवती, मागे एकशे अकरा मुलगे. सुधीर हिरवं लुगडं धुऊन, घडी करून परत द्यायला घेऊन आला होता. पण समितीने त्याला ऐनवेळी ते नेसूनच बसवलं. न जाणो, नाव पुढे गेलं तर कागदपत्रांत विसंगती नको. ठकुबाई मधल्या खुर्चीवर होती. जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसत असल्यामुळे ती अगदी कडेला टेकली होती, डोळ्यांपर्यंत पदर ओढून. तिच्या नि व्यासपीठाच्या मधोमध नवशा उभा राहिला. हाताची घडी घालून. तुळजाला सरबताच्या टेबलाशी, वीस हातांवर बसवलं. तिच्या समोर पन्नास पेले होते आणि ती ते पुन्हा पुन्हा रांगेत लावत असल्यामुळे पन्नासही पेले बारीक आवाजात वाजत होते. अर्थात लूममुळे ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

प्राचार्यांनी खूण केली. चांगदेव जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. आज त्याने ट्रंकेतून शोधून पितळी बिल्ला लावला होता.

"ठकुबाई राघो मढवी हाज्जिर होऽऽ"

लूम खटाखट चालत होते. ठकुबाई हलली नाही. हरीभाऊंनी रजिस्टरात लिहिलं, पुकारा एक.

"ठकुबाई राघो मढवी हाज्जिर होऽऽ"

एका मुलाने सवयीने "येस सर" म्हटलं. ठकुबाईच्या पदराचं टोक किंचित हललं, पण वरती पंखा होता. पुकारा दोन. नवशाने टोपी सारखी केली. सुधीरने डोळे मिटून घेतले. तुळजाला चिंच दिसत होती, कावळे दिसत होते, आणि मांडीवरचं भाकरीचं फडकं.

चांगदेव तिसऱ्या पुकाऱ्याला तोंड उघडणार, तो मध्येच थांबला. त्याने चंची काढली. पान घेतलं, चुना लावला, तंबाखू मळली.

"चांगदेव, काय चाललंय?" प्राचार्य म्हणाले.

"साहेब, तिसऱ्या पुकाऱ्याआधी घसा साफ करायचा. कोर्टाचा शिरस्ता हाय."

शिरस्ता म्हटल्यावर प्राचार्यांचा इलाज नव्हता. "हरीभाऊ, नोंद घ्या." हरीभाऊंनी लिहिलं, घसा साफ.

चांगदेवने पान चघळलं. खिडकीत जाऊन थुंकून आला. सावकाश आला. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले, आणि खालच्या, डावीकडच्या, उजवीकडच्या लूमची शिफ्ट बदलली. एकेक करून लूम थांबत गेले. निजामपुऱ्यात गुरुवारी शुक्रवार झाला. पेल्यांचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला आणि सगळ्यांनी तुळजाकडे पाहिलं.

चांगदेवने या खेपेला आवाज चढवलाच नाही. शेजारणीला ओटीवरून हाक मारावी तसं म्हणाला, "ठकुबाई राघो मढवी, हाजिर हाय काय?"

"ओ," ठकुबाई म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली. पदर कपाळापर्यंत मागे घेतला आणि नवशाच्या बाजूने, त्याला वळसा घालून, पुढे आली. "हाजिर हाय. पोर माझी हाय. तिला मुंबईस जाऊ दे. माझी हां हाय."

तेवढ्यात टाकाची कुरकुर ऐकू आली. हरीभाऊंनी तीस वर्षांच्या सवयीने लिहून टाकलं होतं: पालक हजर. संमती दिली. वर टिपकागदही फिरवला.

"थांबा, थांबा," प्राचार्य म्हणाले. "या बाई बहिऱ्या आहेत, अशी समितीची माहिती आहे. बहिऱ्या व्यक्तीने पुकाऱ्याला दिलेलं उत्तर ग्राह्य धरायचं की नाही, हा तात्त्विक प्रश्न आहे. ती नोंद रद्द करा, हरीभाऊ."

"साहेब, शाई आहे," हरीभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच थोडा वर गेला होता. "रद्द करायला समितीचा ठराव लागेल. ठरावाला सात दिवसांची सूचना. सूचना फलकावर. फलक लेडीज रूममध्ये." त्यांनी लिफाफ्यावर बॅरिस्टरीणबाईंचा पत्ता लिहिला, नाव घातलं, तुळजा राघो मढवी, आणि लिफाफा चांगदेवच्या हातात दिला. चांगदेव तो सदऱ्याच्या आत टाकून जिना उतरला. सुधीर इतका मोकळा झाला की त्याने लुगड्यातच दोन उड्या मारल्या. या खेपेला निऱ्या धरायला कुणी नव्हतं, पण आत पँट होती.

तुळजा पेल्यांच्या टेबलाला वळसा घालून आईपर्यंत आली आणि तिच्यापाशी नुसतीच उभी राहिली. ओरडून बोलावं की नेहमीच्या आवाजात, हे तिला समजेना.

नवशाच्या हातांची घडी सुटली होती. "ठके," तो म्हणाला, "तुला ऐकाया येतं?"

"येतं, भावजी." ठकुबाई त्याच्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "समदं येतं. काल वटीवं बोललंव त्ये बी आलं. त्या दिशी कोडतात बी आलेलं. तिन्ही वेळा. तिसऱ्या वेळेला मी मान वर केली, त्या पट्टेवाल्यानं बघितलं. तुमी म्होरं उभं व्हतंव. थोरल्या दिराम्होरं मोठ्यांदा बोलायचं कसं, म्हनून 'ओ' न्हाय म्हटली. मंग तुमी बहिरी म्हटलंव. मला वाटलं, ऱ्हाऊ दे. बहिऱ्या मानसाला कोन काय इचारत न्हाय. पट्टी माझी व्हती, भावजी. गावाला बी ठावं हाय. हितं बी ठावं हाय, समद्यांला."

खाली कुणीतरी बटण दाबलं. एक लूम सुरू झाला, मग दुसरा. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा प्रकाश पसरला. त्यांनी कानामागे हात धरला. "बाई काय म्हणाल्या? काही ऐकू आलं नाही. हरीभाऊ, तुम्हाला आलं?" पहिल्या रांगेत अकराही माना हलल्या, नाही, काही नाही. मागच्या सौभाग्यवतींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांनाही काही आलं नव्हतं. मुलगे तर पंख्याकडे बघत होते.

ठकुबाईने सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, एकेका तोंडावर थांबत थांबत, शेवटच्या बाकापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे. मग लेकीचा हात धरला.

"चल पोरी. ऐकाया आलंय समद्यांला. सतरा वर्सं मी ह्येच तोंड करून बसलेली."